माळवद आणि मेणकापड

औसा-निलंग्याकडच्या जुन्या घरांचं सगळं आयुष्य गळतीच्या भयात गेलं. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर माती. मृग निघायच्या आधी घरचा कर्ता माणूस माळवदावर चढायचा. वर्षभरात कुठं माती खचली, कुठं उंदरांनी पोखरलं, कुठं गवत उगवलं ते बघायचा आणि गावच्या पांढरीची माती पाट्यांनी वर चढवायचा. जुनी माती सहसा कुणी खाली काढत नसे. नवी तिच्यावरच पडायची आणि चोपण्यानं चोपली जायची. बापानं टाकलेल्या मातीवर लेकाची, लेकाच्या मातीवर नातवाची, असं होत होत छपराची जाडी फूटभर, कुठं दोन फूट व्हायची. घर उन्हाळ्यात गार राहायचं, थंडीत ऊब धरायचं आणि पावसात गळायचं नाही. माझं माहेर असंच होतं. दादा माळवदावरून खाली उतरले की हातपाय धुताना म्हणायचे, आता पड म्हणावं किती पडतो ते.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ती माती खाली आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. याहून कितीतरी मोठे धक्के जगात बसतात आणि तिथली माणसं वाचतात. आमच्याकडे भिंतींचे दगड चिखलात नुसते रचलेले होते, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारा आरपार दगड क्वचितच कुठं होता, आणि या सगळ्याच्या डोक्यावर पिढ्यान् पिढ्यांची माती होती. पुढं अभियंते गावोगाव फिरले तेव्हा त्यांनी जी कामं सांगितली त्यात हीच दोन होती: भिंतीत आरपार दगड घाला, आणि माळवदावरची माती उतरवा. गळू नये म्हणून वाडवडिलांनी जे जपून, कष्टानं, दरवर्षी केलं, त्यानंच लेकरं गाडली गेली. ही गोष्ट मला आजही सहज सांगता येत नाही.

आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली आणि खांब-तुळया उभ्या राहिल्या, म्हणून आम्ही निघालो. नंतर पाऊस लागला. ढिगाऱ्यातून माणसं काढायचं काम त्या पावसात चाललं होतं. मोडलेल्या घरांतून जे कापड हाताला लागलं ते बाहेर निघालं, बैलगाडीवरचं किंतान, मळणीची ताडपत्री, आज्ज्यांची लुगडी. बाभळीच्या मेढी रोवून त्यांवर ते बांधलं. मग मदतीचे तंबू आले, मग पत्र्याची शेडं आली आणि लोक त्या शेडांत खूप दिवस राहिले. लुगड्याच्या छपराखाली आम्ही भिजलो, कुडकुडलो, पण झोपलो. ज्यांची घरं शाबूत होती, तेही पुढं कितीतरी दिवस आत झोपायला तयार नव्हते. कापड अंगावर पडलं तर माणूस त्याखालून उठून बाहेर येतो, एवढं एकच गणित त्या वर्षी आमच्या भागातल्या पोरासोरांना पक्कं कळलेलं होतं.

लग्न होऊन मी चाकूरला आले. चाकूर किल्लारीपासून लांब, लातूरच्या पलीकडे नांदेडच्या वाटेवर, तरी ती पहाट इथंही सगळ्यांच्या अंगात आहे. माझ्या सासूबाई घराचं दार आतून कडी लावून कधी झोपल्या नाहीत. असं सगळं मागं असल्यामुळं असेल, पण उदगीरच्या एका मंडपवाल्यानं आपला जुना कॅनव्हासचा तंबू विकायला काढलाय असं कळलं, तेव्हा घरात कुणी मला का म्हणून विचारलं नाही.

आम्हाला तो हवा होता येळवशीसाठी. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमचा सगळा जिल्हा शेतात असतो. कडब्याची कोप घालायची, तिच्यात पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची आणि मग येईल त्याला आग्रह करून भज्जी, उंडे आणि आंबील वाढायची. त्या दिवशी शेतातून कुणी उपाशी जात नाही, मग तो वाटसरू का असेना. पुण्याहून, हैदराबादहून भावंडं आणि त्यांची लेकरं येतात. एक दिवसात त्यांचं मन भरत नाही, रात्री शेतातच राहायचं असतं. कोप देवाची. माणसांना झोपायला दुसरं काहीतरी लागतं आणि ते दिवस थंडीचे असतात. बालाघाटच्या या माथ्यावर मार्गशीर्ष-पौषात पारा रात्री दहाच्या खाली सहज उतरतो.

तंबू दुपाखी होता. मधे दोन खांब, वर आडवा दांडा, कडेला उभी कनात, आत सात-आठ माणसं पथारी टाकतील एवढी जागा. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र असल्यानं तसलं हिरवट जाड कापड आमच्या डोळ्यांना सवयीचं आहे, पण हे वापरून पार फिकट झालेलं होतं. मंडपवाल्यानं बाकीचं सगळं सामान पॉलिस्टरचं करून टाकलं होतं आणि हा जड गठ्ठा गोदामाच्या कोपऱ्यात पडला होता. सोडल्यावर कुबट वास आला. कापूस ओला राहिला की त्याला बुरशी धरते, काळे ठिपके पडतात आणि हळूहळू धागा कुजतो. ठिपके दिसले म्हणून कापड मेलं असं मात्र नसतं. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड बाहेरच्या बाजूला ताणायचं. कुजलेलं असेल तर भस्सकन फाटतं. आम्ही शिवणी, कोपरे, खांबाची टोकं लागतात ती जागा, दोर अडकवायच्या जागा, सगळीकडे ताणून पाहिलं. एका पाख्याची खालची पट्टी गेली होती. बाकी धागा धड होता.

चाकूरच्या बाजारात जोडे शिवणाऱ्या काकांकडे तो गठ्ठा नेला. त्यांनी कापड बोटांत चोळलं आणि म्हणाले, "बाई, हे आजून जित्तं हाय. पर पॉलिस्टरच्या दोऱ्यानं शिवू नका याला." कारण विचारलं तर त्यांनी ते करूनच दाखवलं. दाभणानं भोक पडतं ते दोऱ्यापेक्षा मोठं असतं. पॉलिस्टरचा दोरा पाण्यात जसाच्या तसा राहतो, म्हणून ते भोक उघडं राहतं. सुती दोरा भिजला की फुगतो आणि भोक आपल्या अंगानं भरून काढतो. त्यांनी सुती दोऱ्याला मेण घासलं आणि फाटक्या पट्टीच्या जागी नवी पट्टी दुहेरी शिवणीनं बसवली.

या फुगण्यातच कॅनव्हासची सगळी विद्या आहे. आपल्याला वाटतं तंबूच्या कापडात भोकं नसतात. असतात, भरपूर असतात. चौरस मीटरला तीन-चारशे ग्रॅम भरणारं हे जाड विणीचं कापड उन्हात धरलं तर प्रकाशाचे टिपके दिसतात. पावसाचे पहिले थेंब पडले की बारीक तुषार आत येतात आणि नवशिका माणूस घाबरतो. मग धागे पाणी पितात, फुगतात, एकमेकांना भिडतात आणि वीण मिटते. म्हणून नवा किंवा नव्यानं शिवलेला तंबू पावसाच्या आधी मुद्दाम भिजवून वाळवावा लागतो, एकदा, पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी शिवणींची भोकं थोडी आणखी बुजतात. जो जिल्हा २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायला, तिथं तंबू भिजवायला पाणी खर्च करणं मनाला लागतं. आम्ही हे काम भाद्रपदात केलं, विहीर काठोकाठ असताना, आणि तंबू बांधावर लिंबाच्या आळ्यांपाशी उभा केला, म्हणजे निथळलेलं झाडांना गेलं.

मिटलेल्या विणीवर पाण्याचा पडदा ताणून बसलेला असतो. आतून कुणी बोट लावलं की तो पडदा तिथं तुटतो आणि पाणी बोटामागं आत येतं. एकदा सुरू झालेला थेंब मग थांबत नाही. लेकरांना तंबूत पहिली ताकीद हीच. तरी कुणीतरी बोट लावतंच. तेव्हा रागवत बसू नये. त्याच जागी बोट टेकवून ते कापडावरून खाली कनातीपर्यंत ओढत न्यावं. पाणी त्या ओल्या रेघेनं उतरत जातं आणि झोपलेल्याच्या तोंडावर पडत नाही. गळणं बंद होत नाही, त्याला वाट मिळते. मला ही युक्ती फार आवडते. माळवदावर माती टाकणाऱ्यांना पाण्याची अशी वाट काढून द्यायची सोय नव्हती, त्यांच्यापाशी आणखी माती एवढाच उपाय होता.

पण जुन्या कापडाची नुसत्या फुगण्यावर भिस्त ठेवता येत नाही. वर्षानुवर्षं उन्हात, धुळीत, कुणीतरी डिटर्जंटनं धुतल्यामुळं त्याचं मूळचं पाणी झटकणं गेलेलं असतं. डिटर्जंट तर फारच वाईट. तो धाग्यात राहिला की पाण्याला आत यायला मदतच करतो. त्यामुळं आधी कोरड्या कुंच्यानं झाडून, साध्या पाण्यानं वारंवार खळबळून कापड स्वच्छ केलं. काळ्या ठिपक्यांवर पातळ केलेलं व्हिनेगर लावून ते उन्हात ठेवलं. डाग गेले नाहीत, वास गेला.

मग प्रश्न आला, चढवायचं काय? आमच्या भागाकडे याची उत्तरं जुनी आहेत. धनगराचं घोंगडं लोकरीच्या अंगच्या चिकटपणामुळं पाऊस झेलतं, आणि त्याला चिंचोक्याची खळ दिली की ते ताठ होऊन पाणी आणखी लवकर ओघळतं. करडई आमच्या काळ्या रानातलं जुनं पीक. तिचं तेल तासन्‌तास आटवलं की घट्ट, चिकट रोगण होतं. मोटा चालत होत्या त्या काळात मोटेच्या चामड्याला आणि विहिरीच्या दोरखंडांना ते लावत. जवसाचं तेल हवेत वाळून पापुद्रा धरतं, म्हणून जगभर तेलकापडं त्याचीच झाली. आणि मेण तर सगळ्यांत सोपं. पातळ करून लावलं, उन्हात किंवा इस्त्रीनं मुरवलं की मेणकापड तयार. दुकानदारानं मला मेणच सुचवलं. पाणी टिकत नाही म्हणाला, आणि ते खरं आहे.

मी मेण घेतलं नाही. ६ जुलै १९४४ला अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी एका मोठ्या सर्कशीच्या तंबूला आग लागली. दुपारचा खेळ होता, बाया आणि लेकरं जास्त होती. तंबू पाण्यापासून वाचावा म्हणून त्याला पॅराफिनचं मेण पेट्रोलमध्ये विरघळवून लावलेलं होतं. काही मिनिटांत सगळं छप्पर पेटलं आणि जळतं मेण खाली माणसांवर टपकलं. १६०हून जास्त माणसं गेली. आपल्याकडे २३ डिसेंबर १९९५ला हरियाणात डबवालीला शाळेच्या कार्यक्रमात मांडव पेटला. ते कापड कृत्रिम धाग्याचं होतं. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात शाळेची लेकरं कितीतरी होती. मंडपवाले ज्या कापडासाठी कॅनव्हास टाकून देतात ते हलकं असतं, स्वस्त असतं, पाणी थांबवतं. आग लागली की ते वितळतं आणि चिकटतं.

हार्टफर्डची ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला किल्लारी दिसली. छप्पर गळू नये म्हणून चढवलेली माती, छप्पर गळू नये म्हणून चढवलेलं मेण. गळतीचं भय आपल्याला एकाच बाजूला बघायला लावतं. वरून पडणारा थेंब दिसतो, ऐकू येतो, अंथरुण भिजवतो, रात्रभर झोपू देत नाही. वजन दिसत नाही, पेट घेण्याची तयारी दिसत नाही. मला वाटतं, ज्या छपराखाली लेकरं झोपवायची त्याला थोडं गळू द्यावं. त्याला आणखी काय काय पेलायचं आहे ते आधी बघावं, पाण्याचा विचार त्यानंतर.

शेवटी तुरटी आणि साबण वापरला. तुरटी घरात असतेच, गढूळ पाणी निवळायला. आधी कपड्याचा साधा बार साबण गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड बुडवायचं, पिळायचं. मग तुरटीच्या पाण्यात बुडवायचं. साबण आणि तुरटी धाग्याच्या आत एकमेकांना भेटले की पाण्यात न विरघळणारं पांढुरकं द्रव्य तिथंच धरतं. जो साबण एकटा असताना पाण्याला आत घेतो तोच तुरटीशी जोडला गेल्यावर पाणी झटकतो. याला दोन पथ्यं आहेत. तुरटी आम्लधर्मी असल्यानं कापसाला दीर्घकाळ सोसत नाही, म्हणून शेवटी कापड स्वच्छ पाण्यातून काढावं. आणि हे काम कायमचं नसतं, काही पावसाळ्यांनी पुन्हा करावं लागतं. मेणाइतकं पाणी ते थांबवत नाही. कापूस तरी जळतोच, पण जळायला आपण त्याच्या अंगावर वरून काही दिलेलं नसतं. एवढा मोठा तंबू बुडवायला बायकांनी सोयाबीन भिजवायची टाकी, मोठी पातेली, बैलांची जुनी दगडी डोणी, मिळेल ते आणलं. दोघी पिळायला, दोघी धरायला. ओलं कॅनव्हास उचलताना कळतं की कापडालाही केवढं वजन असतं.

दोरांचं थोडक्यात सांगते. तंबूचे तणावे सुती किंवा अंबाडीचे असतील तर ते भिजल्यावर आखडतात. संध्याकाळी ताठ बांधून झोपलात आणि रात्री पाऊस आला तर ते मेखा उपटतात किंवा कापड फाडतात. म्हणून झोपताना तणावे जरा सैल करायचे. आमच्या काळ्या मातीत तर हे आणखीच खरं, कारण ती ओली झाली की मेख धरत नाही आणि सुकली की भेगाळते. लांब मेख, तिरपी ठोकलेली, आणि वर एक दगड.

आता थंडी. येळवशीच्या रात्री पाऊस नसतो, दव असतं. इथं माणसाचा पहिला विचार शेगडीचा. कोळशाची शेगडी आत घ्यावी, दाराचा पडदा खाली सोडावा, कडा दगडांनी दाबून टाकाव्यात, म्हणजे ऊब राहील. दरवर्षी थंडीत कुठून ना कुठून बातमी येते की शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. पेटलेल्या कोळशाला धूर नसतो म्हणून माणूस बेसावध असतो. अपुऱ्या हवेत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं धरतं. डोकं जड होतं, झोप येते, आणि ती झोप थंडीची आहे असंच वाटतं. मी तंबूत पेटतं काहीही येऊ देत नाही, ना शेगडी, ना कंदील, ना डासांची उदबत्ती. पाहुण्यांपैकी कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

मग ऊब आणायची कुठून? आमच्या सासूबाईंनी याचं उत्तर कापडाकडे न बघता जमिनीकडे बघून दिलं. थंडी वरून येते असं वाटतं, पण झोपलेल्याची ऊब सगळ्यांत जास्त खालची माती ओढून घेते. "वर चार घेऊन काय उपेग, खाली बघ की," त्या म्हणाल्या. म्हणून आधी कडब्याचा जाड थर, त्यावर पोती, त्यावर घोंगडं, आणि मग अंथरुण. दुसरं, तंबूच्या पाख्यावर वीतभर अंतर सोडून दुसरं कापड ताणायचं. मधली कोंडलेली हवा ऊब धरते आणि दव वरच्या कापडावरच बसतं. तिसरं, शेकोटी बाहेर. वारा येतो त्याच्या उलट बाजूला दार, दारापासून चांगली लांब आग, आणि आगीपलीकडे बांधाच्या दगडांची कंबरभर रचण, म्हणजे धग तंबूकडे वळते. शेकोटीच्या कडेला विटा आणि पाट्याचे तुकडे लावून ठेवायचे. झोपायच्या वेळी ते चिमट्यानं उचलून, हाताला सोसवतील एवढे निवू देऊन, दोन-तीन गोणपाटांत गुंडाळायचे आणि पायाशी ठेवायचे. पहाटेपर्यंत त्यात कोमट जीव असतो. झोपलेला माणूस स्वतः सत्तर-ऐंशी वॅट उष्णता देत असतो. सात-आठ जण एका कापडाखाली असले तर त्यांनाच एकमेकांची ऊब पुरते. लेकरं मधे, म्हातारी माणसं त्यांच्या शेजारी, तरणी कडेला, हा क्रम कुणी ठरवत नाही.

आणि वरचा झरोका उघडा. पाहुण्यांना हे सगळ्यांत अवघड जातं. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली झोपलेल्यांवर पहाटे तेच टपकतं आणि ते समजतात छप्पर गळलं. कॅनव्हास त्यातलं बरंच पाणी आपल्यातून बाहेर जाऊ देतं, उरलेलं झरोक्यातून जातं. थोडा गार वारा आत येतो तो येऊ द्यावा. कोरडं अंथरुण आणि गार नाक बरं, ओलं अंथरुण नको.

कधी कधी रात्री मला जाग येते तेव्हा या मुलखात आधी ताणलेली कापडं मनात येतात. १७६०च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊंची फौज आणि निजामाची फौज याच पट्ट्यात हिंडत होत्या. ३ फेब्रुवारीला उदगीरच्या मोहिमेचा निकाल लागला. हजारो डेरे-राहुट्या, तीच थंडी, तीच काळी माती, तेच सैल करायचे तणावे. बखरीत लढाई असते. मेखा ठोकणाऱ्या खलाशांची रात्र नसते. येळवशीच्या तोंडावर लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं तमाशाचे तंबू आणि व्यापाऱ्यांची पालं पडतात, त्या पालांतही बायका लेकरांना कडब्यावर झोपवतात. कापडाखाली राहायची ही जाण एका जागी राहणाऱ्यांपेक्षा फिरत्यांनी जास्त राखली आहे. आमच्यासारख्यांना ती एका भूकंपानं शिकवली आणि पुढच्या पिढीला शिकवायला हौस लागते.

हौस हा शब्द मी मुद्दाम लिहिला, कारण आमच्या बांधापलीकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांची ती हौस नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत लेकरं, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, आणि राहायला कोपी. बांबू वाकवून वर पाचट, पाचटावर प्लास्टिकची ताडपत्री. पहाटे चारला बाई चूल पेटवते ती कोपीच्या तोंडाशीच, कारण बाहेर दव आणि वारा असतो आणि भाकरी करून तिला उसात जायचं असतं. लेकरू आत झोपलेलं असतं. वाळलेलं पाचट आणि वितळणारं प्लास्टिक यांच्यामध्ये एक चूल. कोप्या पेटल्याच्या बातम्या हंगामात येतात आणि आतल्या पानावर छापल्या जातात. मराठवाड्याच्या उसावर एवढे कारखाने चालतात. त्यांना तोडणी कामगारांच्या निवाऱ्याला जाड सुती कापड, दोन पाख्यांचं, आणि चुलीला पत्र्याचा वेगळा आडोसा देता येणार नाही असं मला कुणी पटवून देऊ शकत नाही. मी हे आमदारांना लिहिलं आहे, कारखान्यांना लिहिलं आहे, आणि लिहीत राहणार आहे. मदतीच्या तंबूत झोपलेल्या माणसाला हे मागायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

ते होईल तेव्हा होवो. आमच्या शेजारच्या फडात दरवर्षी गेवराईकडची एक टोळी येते. आमच्या तंबूच्या जुन्या वरच्या पाख्याचं कापड यंदा मी बदललं. निघालेल्या कापडाची मधली बाजू अजून धड आहे. टोळीतल्या बाईला विचारून मी कोपीची लांबी आणि कमानीची उंची दोरीनं मापून आणली. त्या कापडातून दोन कोप्या झाकल्या जातील. तुरटीचं काम मागच्या आठवड्यात उरकलं. जोडेवाले काका म्हणतात कडेला दुहेरी पट्टी घालू, नाहीतर मेख ओढताना फाटेल, आणि चुलीच्या बाजूला कापड खाली आणूच नका, तिथं हातभर मोकळं ठेवून पत्रा उभा करा. पत्रा मी उद्या बाजारातून आणते.